हैदराबादचा प्राणी आणि इनामगावची पांढर

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. माझा हात पोळपाटावर चालतो तसा कागदावर चालत नाही. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सहकुटुंब हैदराबादला जाऊन आलो आणि परतल्यावर पुण्याला डेक्कन कॉलेजात गेलो, हे मी मंडळात एकदा बोलून बसले होते. तेव्हा सुटका नव्हती. मात्र प्रवासवर्णन करण्याचा माझा विचार नाही. गाडीत जागा मिळाली की नाही आणि डबा पुरला की नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. त्या निमित्ताने आपल्या शिरूर-दौंडच्या मुलखाविषयी जे समजले, तेवढे भगिनींना सांगते.

आमचा धाकटा चौथीत आहे. त्याला गेली दोन वर्षे डायनासोरचे वेड लागले आहे. पाढे म्हणताना अडखळतो, पण त्या प्राण्यांची हातभर लांब नावे घडाघडा म्हणतो. खरा सांगाडा दाखवा म्हणून त्याने वर्षभर भुणभुण लावली होती. यजमान रेल्वेत. दौंडात राहून रेल्वेत असणे यात नवल ते काय! १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला तेव्हापासून हे गाव जंक्शनच आहे. तेव्हा मुंबईहून येणारी हैदराबादची गाडी दारातच मिळाली. सासूबाई मात्र यायला तयार नव्हत्या. "हाडं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" असा त्यांचा सवाल. शेवटी सालारजंग म्युझियममधले टोले देणारे घड्याळ दाखवू, या बोलीवर त्या निघाल्या. (घड्याळ त्यांना आवडले. गर्दी आवडली नाही.)

हैदराबादला नौबत पहाड नावाच्या टेकडीवर बिर्ला विज्ञान संग्रहालय आहे. तेथे एका दालनात तो प्राणी उभा केला आहे. नाव कोटासॉरस. मान लांब, शेपूट लांब, पाय देवळाच्या खांबासारखे. माझा मुलगा आत शिरला आणि पहिल्यांदाच गप्प झाला. आमच्या दौंडच्या घराची पडवी आणि माजघर एकापुढे एक ठेवले तरी हा प्राणी बाहेर उरेल. तो झाडपाला खाणारा होता आणि काही नाही तरी सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या माणसांना त्याची हाडे पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यमनपल्ली गावाजवळ सापडली, आणि पी. यादगिरी यांनी १९८८ साली त्याला नाव दिले. हाडे एका जनावराची नव्हेत, एकाच जागी सापडलेल्या अनेक जनावरांची आहेत. त्यांतून हा सांगाडा जुळवला आहे. कवटी मिळालीच नाही. दोन-चार दात तेवढे मिळाले, म्हणून डोके अंदाजाने बनवून बसवले आहे. हे ऐकून धाकट्याचा चेहरा उतरला. "म्हणजे डोकं खोटं?" असे त्याने तीनदा विचारले.

त्याचे समाधान दुसऱ्याच गोष्टीने झाले. कोटासॉरस हे नाव ज्या कोटा गावावरून पडले, ते आपल्या महाराष्ट्रातले आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या काठी. तेथील खडकाला शास्त्रज्ञ कोटा खडक म्हणतात आणि तोच खडक नदीपलीकडे तेलंगणात गेला आहे. महाराष्ट्राचा डायनासोरशी संबंध एवढ्यावर संपत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा गावाजवळ डायनासोरचे दगड झालेले शेण सापडते. २००५ साली शास्त्रज्ञांनी ते शेण तपासून जाहीर केले की त्यात गवताचे अंश आहेत. तोवर डायनासोरच्या काळी गवत नसावे असाच समज होता. शेणावरून जनावराने काय खाल्ले ते ओळखणे यात आपल्यासारख्या बायकांना नवीन काही नाही, पण त्यावर शास्त्रीय लेख लिहितात हे मला ठाऊक नव्हते. आणि हिंदुस्थानात ही हाडे अगदी पहिल्यांदा कुणाला सापडली? जबलपूरला, १८२८ साली, स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच हा स्लीमन. त्या वेळी 'डायनासोर' हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. तो इंग्लंडात १८४२ साली निघाला.

परतीच्या गाडीत धाकट्याने विचारले, "मग आपल्याकडे का नाही सापडत?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्या पायाखालीच आहे. शिरूर, दौंड, पुणे, नगर, सगळा काळा पत्थर. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तप्त रस बाहेर आला. तो पसरला, थिजला, त्यावर पुन्हा आला, असे लाखो वर्षे चालले. थरावर थर बसले. सह्याद्रीच्या बाजूला हे थर मैलाहून अधिक जाड आहेत. आजही हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. डायनासोर नाहीसे झाले तेही याच सुमारास. अशनी आदळून की या ज्वालामुखींच्या धुराने, की दोन्ही मिळून, यावर विद्वानांचे वाद चालू आहेत. आपल्याकडे त्या काळचे प्राणी असलेच तर ते या काळ्या पत्थराच्या खाली गाडले गेले आहेत. कुकडी नदीत निघोज आणि टाकळी हाजी यांच्या मध्ये जे रांजणखळगे आहेत ते याच दगडात पाण्याने व गोट्यांनी कोरलेले. दर वर्षी आपण तेथे पुरणपोळीचे डबे घेऊन जातो आणि पाण्यात पाय सोडून बसतो, पण हा दगड कुठून आला हे विचारीत नाही.

"म्हणजे आपल्याकडे जुनं काहीच नाही," असे धाकट्याने ठरवून टाकले. तेव्हा मला माझ्या आत्याची आठवण झाली.

माझे माहेर शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठचे. गाव बसते ती पांढरी आणि पिकते ती काळी, हे आपण सर्वजणी जाणतो. इनामगावला नदीच्या काठी जुनी पांढर आहे, माणसे उठून गेलेली. डेक्कन कॉलेजातल्या मंडळींनी १९६८ साली तेथे खोदकाम सुरू केले ते १९८२ पर्यंत चालले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावे. बहात्तरच्या दुष्काळात माझी आत्या आधी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती, मग काही दिवस या कामावर पाट्या वाहायला गेली. ती सांगायची, "माती ब्रशानं झाडायची, पोरी. घर झाडतो तसं नाही, तान्ह्या पोराचं टाळू पुसतो तसं." आम्ही लहान होतो, हसायचो. एके दिवशी जमिनीखालून दोन रांजणे तोंडाला तोंड लावलेली निघाली आणि आत तान्ह्या मुलाची हाडे होती. ती पाहून कामावरच्या बाया पाट्या खाली ठेवून उभ्या राहिल्या, असे आत्या म्हणे. त्या दिवशी त्यांनी भाकरी खाल्ली नाही.

ही गोष्ट मी मुलांना गाडीत सांगितली. मोठ्या मुलीने लगेच विचारले, ती रांजणे आता कुठे आहेत? म्हणून आम्ही पुढच्याच आठवड्यात पुण्याला, येरवड्याच्या बाजूस डेक्कन कॉलेजात गेलो. सासूबाई या वेळी न सांगता निघाल्या.

हैदराबादच्या मानाने हे संग्रहालय लहान. आवाज नाही, दिव्यांची चमक नाही. पण तेथे जे पाहिले ते आपल्या घरचे होते. इनामगावची वस्ती सुमारे ३६०० वर्षांपूर्वी बसली आणि ९०० वर्षे टिकली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासून आजवर जेवढा काळ गेला, त्याच्या दुपटीहून अधिक. लोखंड नव्हते. तांब्याची व दगडाची हत्यारे, लाल भांड्यांवर काळी नक्षी, तोटीची भांडी. अशी भांडी प्रथम संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५० च्या सुमारास खोदकामात ओळखली गेली, म्हणून त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. उत्खननात शंभराहून अधिक घरे निघाली. चुली निघाल्या, धान्याचे पेव निघाले. कुंभाराचे घर वेगळे, गावच्या मुख्याचे पाच खणांचे घर वेगळे. नदीचे पाणी वळवायला बांध घालून पाट काढला होता. जव हे मुख्य पीक, शिवाय गहू, मसूर, वाटाणा आणि हुलगा. हुलग्याचे नाव ऐकताच सासूबाईंनी मान वर केली. "शेंगोळे करीत असतील का गं?" हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात नसेल, पण मला फार योग्य वाटला.

कच्च्या मातीचा एक चार पायांचा मोठा रांजण आहे. त्यात चाळिशीतल्या एका पुरुषाला बसवून पुरले होते. तो गावचा मुख्य असावा असा तर्क आहे, कारण तो पाच खणांच्या त्या घराच्या अंगणात मिळाला आणि त्याची पावले शाबूत आहेत. इतर मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावले तोडीत. का? मेलेले माणूस उठून चालू नये, घर सोडून जाऊ नये म्हणून, असे विद्वान मानतात. मुलांना पुरायचे ते घरातच. राहत्या जमिनीत खड्डा करून, दोन रांजणे तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, जवळ एखादी वाटी, तोटीचे भांडे. इनामगावला दोनशेंहून अधिक दफने सापडली, त्यांतली बहुतेक मुलांची आहेत. ज्या जमिनीवर आई भाकरी थापीत होती, त्याच जमिनीखाली तिचे मूल होते.

आणखी एक वस्तू सांगायलाच हवी. झाकण असलेली मातीची लंबगोल डबी एका घराच्या जमिनीत पुरलेली मिळाली. तिच्यासोबत कच्च्या मातीची स्त्रीची मूर्ती, डोके नसलेली, आणि मातीचा बैल. मूर्तीला व बैलाला भोके आहेत. काडी घालून तिला बैलावर बसवता येते. मुलाबाळांचे रक्षण करणारी देवी असावी असे ढवळीकरांना वाटले. धाकटा म्हणाला, "हिचंही डोकं नाही सापडलं?" नव्हे, ती केलीच तशी होती. त्या घरच्या बाईने ती जमिनीत का ठेवली असेल हे मला विचारावे लागले नाही.

पुढे दिवस बिघडले. सुमारे ३००० वर्षांपूर्वी पाऊस कमी झाला, शेती हटली, असे ढवळीकरांचे मत. अलीकडच्या काही अभ्यासकांना एकट्या पावसाचे कारण पुरेसे वाटत नाही. पण वाईट दिवस आले याविषयी दुमत दिसत नाही. चौकोनी प्रशस्त घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भर आला. त्या काळच्या मुलांची हाडे तपासून २०११ साली एक ग्रंथ निघाला. वयाच्या मानाने मुलांची वाढ खुंटलेली होती, असे त्यात दाखवले आहे. शेवटी, सुमारे २७०० वर्षांपूर्वी, गाव उठले. पर्जन्यछायेतला आपला मुलूख. बहात्तर साल पाहिलेल्या भगिनींना यापुढचे सांगण्याची गरज नाही. बहात्तरचा दुष्काळ सोसणाऱ्या बायांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची माती उपसली, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली असेल का?

सासूबाई त्या लहान रांजणांपुढे बराच वेळ उभ्या होत्या. मुले पुढे गेली. मी जवळ जाऊन, दमलात का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "आपणसुद्धा तान्ह्याला जाळत नाही, पुरतोच." थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझी पहिली मुलगी मळ्यात, विहिरीच्या अंगाला आहे." माझ्या लग्नाला अठरा वर्षे झाली. यजमानांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती आणि अकरा दिवसांची होऊन गेली, हे मला त्या दिवशी कळले. यजमानांनाही ठाऊक नव्हते. तिचे नाव ठेवले होते का, हे विचारायचे माझ्या ओठावर आले होते, पण विचारले नाही. बाराव्या दिवशी बारसे. हिशेब मीच केला.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा सासूबाईंसह आम्ही इनामगावला जाऊन आलो. दौंडहून भीमा ओलांडली की फार लांब नाही. बघायला गेले तर तेथे काही नाही. खणलेले बुजते. पांढरे टेकाड, बाभळी, शेळ्या, खाली घोडनदी. मुलीला पायाशी एक लाल खापर दिसले, त्यावर काळी रेघ होती. तिने ते उचलले. सासूबाई म्हणाल्या, "ठेव तिथंच. कुणाच्या तरी घरातलं आहे." तिने ठेवले.

मंडळाची सहल दर वर्षी एखाद्या देवस्थानाला जाते. यंदा रांजणगावचे दर्शन करून तशीच इनामगावला न्यावी आणि पुढे एखाद्या दिवशी डेक्कन कॉलेजातले संग्रहालय पाहावे, अशी माझी सूचना मी कार्यकारिणीला दिली आहे. संग्रहालय उघडे असण्याची वेळ आधी विचारून घ्यावी लागेल. सासूबाईंनी आपले नाव नोंदवले आहे. त्यांना गाडीत पुढची जागा हवी आहे, आणि डब्याला हुलग्याचे शेंगोळे त्या करणार आहेत.