परक्यांचा शेजार

राजधान्या कशा वसल्या, याची वर्णने इतिहासग्रंथांत पुष्कळ सापडतात. शेजार कसा वसला, याची मात्र क्वचितच. राजाज्ञेने नगर उभारता येते; परंतु भिंतीपलीकडे राहणारा मनुष्य आपला आहे, हे कोणत्याही फर्मानाने ठरत नाही. हा भेद ज्यास पाहावयाचा असेल, त्याने दौलताबादचा किल्ला आणि वेरूळची लेणी यांच्या दरम्यान, घाटमाथ्यावर वसलेल्या खुलताबादेकडे पाहावे.

यादवांचे राज्य १३१८ साली कायमचे बुडाले. पुढे १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे आपली राजधानी नेण्याचे ठरविले. दिल्लीतील सरदार, पंडित, फकीर व प्रतिष्ठित कुटुंबे यांस शेकडो मैलांचा प्रवास करून दक्षिणेत यावे लागले. आलेल्यांना ही भूमी परकी होती. आणि येथील रहिवाशांस तर हे लोक जेत्यांच्या गोटातलेच वाटणार. एकाला घर सुटल्याचे दुःख, दुसऱ्याला राज्य गेल्याचे शल्य. अशा दोन मनांचा शेजार सुलतानाने एका आज्ञेसरशी जोडून दिला होता. तो प्रयोग थोड्याच वर्षांत फसला. पुष्कळ लोक दिल्लीस परतले, आणि १३४७ साली दक्षिणेत स्वतंत्र बहमनी राज्य उभे राहिले.

परंतु आलेल्यांपैकी काही जण येथेच राहिले. त्यांत दिल्लीचे सुप्रसिद्ध सूफी निजामुद्दीन अवलिया यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन होते. त्यांना ‘गरीब’ म्हणत. मराठीत या शब्दाचा अर्थ निर्धन असा रूढ झाला आहे. मूळ अरबीत मात्र ‘गरीब’ म्हणजे परका, आपल्या वतनापासून दूर असलेला. परक्यांच्या त्या वस्तीत ज्याचे उपपदच ‘परका’ असे होते, त्याच्याभोवती माणसे जमू लागली. १३३७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या वचनांचे व आचाराचे संग्रह शिष्यांनी फारसीत करून ठेवले. त्या कामात काशानी बंधू प्रमुख होत.

चिश्ती संप्रदायाच्या खानकाहीची रीत साधी होती. कोणाकडे याचना करावयाची नाही. न मागता जे येईल ते साठवून न ठेवता वाटून टाकावयाचे. दारी आलेल्यास काही दिल्यावाचून जाऊ द्यावयाचे नाही, आणि घरात काहीच नसेल तर निदान पाणी तरी पुढे करावयाचे. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवणाऱ्या मराठी घरास ही रीत परकी कशी वाटावी? तत्त्वज्ञानाची भाषा समजण्यास वर्षे लागतात; पाण्याच्या तांब्याचा अर्थ तत्काळ कळतो. तांबा घेणारा घटकाभर बसतो, बसला म्हणजे बोलतो, आणि बोलला म्हणजे त्याचे नावगाव व त्याचे दुःख समजते. परिचय जन्मास येतो तो असा.

सर्वच गोड होते, असे मात्र समजू नये. पुढील काळात राजांच्या देणग्या व इनामे या दर्ग्यांस मिळाली आणि फकिराच्या नावाचा उपयोग सत्तेनेही करून घेतला. खानदेशच्या फारुकी राजाने तापीच्या एका तीरावर बुऱ्हानपूर वसविले आणि दुसऱ्या तीरावरील जैनाबादेस बुऱ्हानुद्दीनांच्या गादीवरील जैनुद्दीन शिराझी यांचे नाव दिले. तथापि राजांना ही नावे हवीशी वाटली, कारण लोकांच्या मनात ती आधीच घर करून बसली होती.

याच डोंगराच्या पायथ्याशी, देवगिरीच्या किल्ल्यावर, सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी राहत होते आणि पैठणचे एकनाथ त्यांच्यापाशी शिकले. ती परंपरा निराळी, पण भूमी तीच. रामेश्वरास नेण्याच्या कावडीतील गंगाजल नाथांनी तहानेल्या गाढवास पाजले, ही कथा मराठी घरांत मुलांनाही पाठ असते. त्यांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोन शेजारी धर्मावरून कडाक्याचे भांडतात आणि अखेर एकमेकांस आलिंगन देतात. भांडणही परिचितांचेच होते. अपरिचितांत केवळ संशय असतो.

ज्यांनी आयुष्यभर माणसांना आज्ञा केल्या, त्यांनी अखेरची जागा मागितली ती याच फकिरांच्या सावलीत. हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि १६२६ साली मरण पावल्यावर येथे विसावला. औरंगजेबाचे १७०७ साली अहमदनगर येथे निधन झाले. त्याची उघडी कबर जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. त्याच्या मरणोत्तर पदवीवरून ‘रौजा’ नावाच्या या गावास खुलताबाद हे नाव मिळाले. पहिला निजाम आसफजाह १७४८ साली बुऱ्हानुद्दीनांच्या शेजारी पुरला गेला. राजधानी हुकमाने हलविता येते; शेजार मात्र विनवणीनेच मिळतो.

आजही एका यात्रेत जरजरी जरबक्ष यांच्या उरुसासाठी, तर दुसऱ्या यात्रेत निद्रिस्त भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी याच लहानशा गावात माणसांची रीघ लागते. श्रावणात तर कित्येक भक्त रात्रीचा दिवस करून पायी येतात. त्यांची तहान भागते ती गावच्याच पाण्यावर.

शहरातील चाळींत व सदनिकांत एका भिंतीच्या दोन बाजूंस वर्षानुवर्षे राहूनही परस्परांची नावे ठाऊक नसलेली कुटुंबे थोडी नाहीत. त्यांनाही एका अर्थी कोणीतरी हलवून एकत्र आणलेले असते. नोकरीने, गरजेने, घरभाड्याने. तेथे पहिले पाऊल कोणी टाकावयाचे, हा प्रश्न अवघड वाटतो. सुमारे सात शतकांपूर्वी दिल्लीहून आलेल्या एका ‘परक्या’ने त्याचे उत्तर दिले होते: ज्याच्या हाताशी पाणी असेल, त्याने.