बशीत पिकलेलं बीज
मानवी स्त्रीबीज प्रयोगशाळेत पक्व करणं ही टेस्ट ट्यूब बेबीनंतरची जोड मानली जाते. इतिहास उलटं सांगतो. सशाचं अपक्व बीज अंडाशयाबाहेर आपोआप पक्व होतं, हे पिंकस आणि एन्झमान या संशोधकांनी 1935 मध्ये दाखवलं. शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयाच्या तुकड्यांतली मानवी बीजं रॉबर्ट एडवर्ड्स यांनी विलक्षण चिकाटीने न्याहाळली आणि 1965 मध्ये मांडलं, की माणसात बीज पक्व व्हायला सुमारे दीड दिवस लागतो. 1969 मध्ये त्यांनी शरीराबाहेर फलित केलेली बीजंही बशीतच पिकलेली होती. आक्षेप रास्त आहे: 1978 मध्ये जन्मलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईझ ब्राउन शरीरातच पक्व झालेल्या बीजातून आली. पण बीज कधी काढायचं, हा हिशेब बऱ्याच अंशी बशीतल्या त्या निरीक्षणांतूनच आला होता.