गाडीचा धक्का कोण सोसतो?

गिरणेच्या कांठीं वसलेलें भडगांव हें खानदेशच्या काळ्या मातीचें गांव आहे. ही माती कापसाला जितकी मानवते, तितकी रस्त्याला मानवत नाहीं. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत सुकून भेगाळते. आणि तिच्यावर बांधलेल्या रस्त्याला हळूहळू लाटा येतात. जुन्या बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धाव असे. आंस आणि साटा यांच्यामध्यें कमान नसे. चाकोरींतील प्रत्येक खळग्याचा धक्का थेट बसणाराच्या कण्यास पोंचे. परंतु बैलाची चाल मंद. त्यामुळें तो धक्का अंग दुखवी, प्राण सहसा घेत नसे. वेग वाढला, तेव्हां या प्रश्नाचें स्वरूपच बदललें.

इंग्लंडांतील गाड्यांचे कारागीर ओबाडाया इलियट यांनीं १८०४ सालीं लंबवर्तुळाकार पोलादी कमानींचें पेटंट घेतलें आणि घोडागाडीचा प्रवास मऊ झाला. पण कमानीचा एक स्वभाव आहे: ती धक्का झेलते, मात्र लगेच विसरत नाहीं. वाड्यांतील झोपाळ्यास एकदां रेटा दिला कीं तो पुष्कळ वेळ झुलत राहतो. तशीच दबलेली कमान उसळते, पुन्हां दबते, पुन्हां उसळते. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या टी मॉडेल मोटारीसहि केवळ कमानीचाच आधार होता. अशी गाडी वेगांत उसळली कीं चाक भुईपासून सुटूं लागे. आणि अधांतरीं असलेल्या चाकावर ना ब्रेकचा उपयोग, ना वळणाचा.

म्हणजे झोपाळा थांबविणारा हात हवा होता. फ्रान्समधील त्रुफो यांनीं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एकमेकींवर घांसणाऱ्या चकत्यांची युक्ति काढली व एडवर्ड हार्टफर्ड यांनीं ती अमेरिकेंत रूढ केली. परंतु घर्षणाची ही करामत लहान खळग्यांत अडून बसे आणि मोठ्या खळग्यांत अपुरी पडे. मोरिस हूदाय या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थांनीं घर्षणाऐवजीं तेल वापरलें. गिरणेच्या पाण्यांत हात सावकाश फिरविला तर पाणी वाट देतें. तोच जोरानें मारला तर अडवितें. तेलाचाहि धर्म हाच. हूदाय पद्धतीचे धक्काशोषक १९२७ सालच्या फोर्ड ए मॉडेलला बसविले गेले. पुढें नळींत नळी असलेला आजचा धक्काशोषक प्रचारांत आला. त्यांतील दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि कमानीची उसळी उष्णतेंत विरून जाते.

महाराष्ट्रांत १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, या मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धांवली. पुढें खेडोपाडीं मोटार पोंचली. धक्काशोषक या देशांतच बनविण्यासाठीं मुंबईंत १९६१ सालीं गॅब्रिएल इंडिया ही कंपनी निघाली. आज चाळीसगांवाहून भडगांवमार्गें पाचोऱ्यास जाणाऱ्या घरगुती मोटारींतहि हीं नळकांडीं असतात. मात्र त्यांची आठवण फार थोड्यांस असते.

याचें कारण असें कीं धक्काशोषक एकाएकीं मरत नाहीं. तो थकत जातो, आणि चालविणारा त्या थकव्यास नकळत सरावतो. म्हणून परीक्षा मुद्दाम घ्यावी लागते. उभ्या गाडीचा एक कोपरा जोरानें दाबून सोडावा. तो वर येऊन स्थिरावला तर ठीक. दोन-तीन वेळां डोलत राहिला तर शोषक संपला. आधुनिक ताठ गाडींत ही परीक्षा फसूं शकते. म्हणून नळीहि पाहावी. ती तेलानें ओली होऊन धूळ धरीत असेल, तर सील फुटलें आहे. टायरवर हात फिरवावा. ठराविक अंतरावर खोलगट झीज लागली, तर चाक रस्त्यावर नाचत आहे. ब्रेक दाबतांच गाडीनें नाक खालीं घालणें हीहि एक खूण आहे.

बदलतांना एकाच आंसावरील दोन्ही शोषक जोडीनें बदलावे; तरणा आणि थकलेला बैल एका जुवाला जुंपूं नयेत. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खालीं शिरूं नये. भक्कम स्टँड लावावे. तेलाचा नवा शोषक उभा धरून चार-पांच वेळां ओढावा व दाबावा, म्हणजे आंतील हवा निघते. रबरी बुशांचे बोल्ट, गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच, शेवटचे आवळावे. नाहीं तर रबर पिळलेलें राहून लवकर फाटतें. जेथें शोषक गुंडाळीच्या स्प्रिंगमध्यें असतो, तेथें ती स्प्रिंग योग्य साधनानें जखडल्याविना वरचा नट सोडणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे. तें काम जाणत्या मिस्त्रीचेंच. त्यानंतर चाकांची अलाइनमेंटहि तपासून घ्यावी.

नांव धक्काशोषक असलें तरी धक्का सोसते ती कमान. शोषक तिची उसळी शमवितो. तो थकला कीं त्याचें काम टायरवर, ब्रेकवर आणि अखेर आंत बसलेल्या मुलांमाणसांवर पडतें. बैलगाडीच्या काळीं त्याची किंमत पाठदुखी होती. आजच्या वेगांत ती किंमत याहून फार मोठी आहे.