परदेशी संस्थेची चाकरी : नगरचा एक जुना हिशेब



या व्यासपीठावरून विद्वान माणसे बोलतात. मी त्यांतला नव्हे. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे शिक्षण विडी कामगारांच्या मोर्चात, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून आजचा विषयही मी पगाराच्या बाजूनेच मांडणार आहे. ज्याला जे येते त्याने ते बोलावे.

गेल्या वर्षी आमच्या कचेरीत राहुरीकडचा एक मुलगा आला. शेतकीचा पदवीधर. एका जागतिक संस्थेच्या प्रकल्पावर त्याने तीन वर्षे काम केले होते. पगार गावातल्या मास्तरापेक्षा बरा होता, आणि मान तर फार मोठा. गावात लोक सांगत, पोरगा परदेशी संस्थेत आहे. एके दिवशी प्रकल्प संपला आणि एका पत्राने नोकरीही संपली. भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. करारात स्पष्ट लिहिले होते की, हा इसम संस्थेचा कर्मचारी समजला जाणार नाही. मुलगा म्हणाला, "काका, लेबर कोर्टात जाता येईल का?" मी कागद वाचला. तंटा झाल्यास लवादाकडे जावे, असे त्यात होते; आणि तो लवादही आपल्या देशाच्या कामगार कायद्याखाली येणारा नव्हता.

त्या दिवशी मला त्या मुलाला काही नीट सांगता आले नाही. म्हणून मी जुनी पुस्तके काढून बसलो. तेव्हा ध्यानात आले की, परदेशी संस्थेची नोकरी आपल्या नगरला नवी नाही. ती इथे जवळजवळ दोनशे वर्षे जुनी आहे.

१८१० साली अमेरिकेत परदेशी धर्मप्रसारासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याची कचेरी बॉस्टनला. त्याचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले, आणि १८३१ च्या डिसेंबरात ग्रेव्ह्‌ज, रीड आणि हर्व्ही हे तिघे नगरला आले. हीच पुढची अमेरिकन मराठी मिशन. तिच्या धर्ममताशी आज आपल्याला कर्तव्य नाही. मी तिच्याकडे एक मालक म्हणून पाहतो. पैसा एका खंडातला, काम दुसऱ्या खंडातले, आणि हुकूम जहाजाने महिनोन्‌महिने प्रवास करून येणारा. आज जिला आपण आंतरराष्ट्रीय संस्था म्हणतो, तिची सारी लक्षणे या मालकात होती.

बाहेरून आलेल्या माणसाला या नोकरीत काय मिळे? पगार असा नव्हताच. निर्वाहापुरती रक्कम असे तत्त्व होते. पण निर्वाह धरायचा तो अमेरिकन कुटुंबाचा. म्हणजे राहायला बंगला, मुलांसाठी वेगळा भत्ता, उन्हाळ्यात महाबळेश्वरची हवा, आणि पुढे पुढे काही वर्षांच्या नोकरीनंतर मायदेशची रजा. आपल्या लोकांनी हे पाहिले आणि साहेबाचे बरे चालले आहे, असे म्हटले. पण हिशेबाला दुसरी बाजू होती. गॉर्डन हॉल हा पहिल्या तुकडीतला माणूस १८२६ साली नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने गेला. नगरला आलेला हर्व्ही पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, त्याच रोगाने गेला. मुंबईचे रॉबर्ट ह्यूम १८५४ साली मायदेशी परतताना समुद्रावरच वारले. त्यांचा मुलगा रॉबर्ट अॅलन ह्यूम तेव्हा सात वर्षांचा होता. तोच पुढे १८७४ साली नगरला आला आणि पन्नासाहून अधिक वर्षे या कामात राहिला. सिंथिया फरारबाई १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्या शाळा पाहूनच आपल्याला मुलींच्या शाळेची प्रेरणा झाली, असे जोतीराव फुल्यांनी नमूद केले आहे. फरारबाई १८६२ साली इथेच वारल्या. बंगल्याचे भाडे त्या माणसांनी असे भरले.

आता आपल्या माणसाकडे वळू. मिशनच्या खेड्यातल्या शाळेत मास्तर किंवा उपदेशक म्हणून लागलेला माणूस बहुधा महार समाजातला असे. त्याच्या बापाने गावची वेस राखली, सरकारी टपाल नेले, मेलेली जनावरे ओढली. आणि त्याबद्दल खळ्यावर बलुते मागितले. बलुते म्हणजे हक्क खरा, पण तो हात पसरून घ्यावा लागे, आणि दुष्काळात खळेच रिकामे राही. अशा घरातल्या माणसाच्या हातात महिन्याच्या महिन्याला मोजून रोख रुपये पडू लागले. ती रक्कम लहान होती. तरीही पाटलाच्या मर्जीवाचून मिळणारा, ठरलेल्या दिवशीचा पैसा म्हणजे काय, हे ज्याने आठवड्याच्या मजुरीसाठी ठेकेदाराच्या दारात वाट पाहिली आहे त्यालाच कळेल. हा या नोकरीचा सर्वांत मोठा फायदा होता, आणि तो कोणत्याही पगारपत्रकावर लिहिलेला नव्हता.

तोटाही तसाच मोठा. उच्चवर्णीय माणूस मिशनमध्ये गेला की घर तुटे, वारसा तुटे. धर्म किंवा जात सोडल्याने वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा सरकारला १८५० साली करावा लागला, यावरून या भांडणांचे स्वरूप ध्यानात येईल. कायद्याने जमीन राखता येते. पंगतीतले पान कायद्याने मिळत नाही. परदेशी संस्थेत शिरलेला माणूस आपल्यांत परका झाला, आणि परक्यांत आपला होऊ शकला नाही.

हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ साली नगरला पाळकपदाची दीक्षा मिळाली. तेव्हा प्रश्न उभा राहिला की, या पाळकांना पगार द्यायचा तो कोणत्या मापाने? त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनहून मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि त्यांचे सोबती थॉम्पसन हिंदुस्थानात तपासणीला आले आणि नगरलाही आले. अँडरसन हा हुशार आणि सरळ माणूस होता. त्याचे म्हणणे असे की, इथल्या मंडळ्या स्वावलंबी व्हायच्या असतील तर पाळकाचा पगार त्याच्या मंडळीला झेपेल एवढाच असावा. इंग्रजी शिकवले की माणसाच्या गरजा वाढतात आणि मग तो खेड्यात टिकत नाही. म्हणून शिक्षण मराठीतून द्यावे. त्याप्रमाणे मिशनच्या शाळांतले इंग्रजी मागे पडले.

या म्हणण्याची थट्टा करू नये. परदेशी पैशावर उभी राहिलेली संस्था पैसा आटला की पडते, हे अँडरसनने ओळखले होते. १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, बॉस्टनच्या मंडळावर कर्ज चढले, आणि देशोदेशीच्या कामांच्या रकमांना कात्री लागली. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातल्या मास्तराने त्या मंदीचे नावही ऐकले नसेल. पण त्याची भाकरी तिच्यावर अवलंबून होती. २०२५ साली अमेरिकन सरकारने परदेशी मदतीचे आपले खाते बंद केले आणि संयुक्त राष्ट्रांच्या कित्येक संस्थांना माणसे कमी करावी लागली, तेव्हा मला १८९३ ची आठवण झाली.

पण अँडरसनच्या तर्कात एक खोट होती. स्वावलंबनाचा नियम इथल्या माणसाला लागू होता, बाहेरून आलेल्याला नव्हता. एकाच्या गरजा गृहीत धरायच्या आणि त्यांची भरपाई करायची; दुसऱ्याच्या गरजा वाढू नयेत म्हणून त्याचे शिक्षण आखडायचे. एकाच छपराखाली दोन पगार आले ते असे. मग ज्याला कमी मिळते त्याच्या मनात ईर्षा येते, आणि बाहेरचे लोक त्यालाच परक्यांचा पगारी नोकर म्हणून हिणवतात. त्याच्या वाट्याला दोन्हीकडचे कमीपण येते.

हे कमीपण ज्यांना सर्वांत जास्त बोचले ते नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला येऊन मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. नगरलाच १८४२ साली निघालेल्या 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे होते. हिंदी ख्रिस्ती माणसाने परदेशी पगारावर जगावे, हे त्यांना पटेना. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला गेले आणि संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभारू लागले. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले. कामगाराच्या दृष्टीने मला टिळकांचा आदर वाटतो, आणि भीतीही वाटते. ज्याच्या अंगी तेवढे तेज आहे त्याने पगार झुगारावा. पण घर चालवायला कोणीतरी लागतेच. ते कोणी चालवले, हे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको.

टिळक गेले त्याच वर्षी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची पहिली परिषद भरली. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी तिथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्यांची नेमणूक सरकारने केली होती. आपला प्रतिनिधी आपणच निवडावा, या जिद्दीतून पुढच्या वर्षी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. त्याच सुमारास राष्ट्रसंघापुढे प्रश्न आला की, सर्व राष्ट्रांतून नोकर घ्यायचे तर पगार कोणत्या राष्ट्राच्या मापाने द्यायचा? १९२१ साली नोब्लमेर यांच्या समितीने उत्तर दिले की, ज्या राष्ट्रात सरकारी नोकराला सर्वांत चांगले वेतन मिळते, तिथला माणूसही आकर्षित होईल असा पगार असावा. इथल्या इथे नेमलेल्या माणसांसाठी १९४९ साली फ्लेमिंग यांच्या नावाचे तत्त्व आले. त्या गावात चालू असलेल्या उत्तम अटींच्या तोडीचे वेतन त्यांना द्यावे, असे ते सांगते.

श्रोतेहो, म्हणजे दोन पगार राहिलेच. पण एक शब्द बदलला. अँडरसनच्या हिशेबात 'झेपेल एवढा' होते. इथे 'उत्तम' आले. माझ्यासारख्या माणसाला हा शब्द फार मोठा वाटतो.

आज संयुक्त राष्ट्रांत कायम नोकरी असलेल्या माणसाला काय मिळते ते पाहा. १९४७ च्या कायद्यान्वये आपल्या देशात त्याच्या पगारावर प्राप्तिकर नाही. निवृत्तिवेतनासाठी तो ७.९ टक्के भरतो आणि संस्था १५.८ टक्के भरते. म्हणजे त्याच्या एका रुपयाला संस्थेचे दोन. आपल्या भविष्य निर्वाह निधीत दोघांचे बारा-बारा टक्के असतात. बाहेरून आलेल्याला मुलांच्या शिक्षणाचा भत्ता आणि मायदेशची रजा मिळते. नगरच्या बंगल्यातल्याच या बाबी आहेत.

तोटेही जुनेच. ज्या कायद्याने कर माफ झाला त्यानेच संस्थेला आपल्या कोर्टापासून संरक्षण दिले. नोकराने दाद मागायची ती संस्थेच्याच न्यायाधिकरणाकडे. १९५२-५३ च्या सुमारास अमेरिकेतल्या राजकीय वाऱ्यामुळे तिथल्या काही नोकरांना संयुक्त राष्ट्रांतून काढले गेले. न्यायाधिकरणाने त्यांना भरपाई दिली. ती द्यावी की नाही यावरही वाद झाला, आणि १९५४ साली हेगच्या न्यायालयाने निवाडे पाळलेच पाहिजेत असे सांगितले, तेव्हा तो मिटला. एवढे झाले, पण ते कर्मचाऱ्यांसाठी. राहुरीच्या त्या मुलासारखे करारावरचे लोक या न्यायाधिकरणाच्या दारातही उभे राहू शकत नाहीत. नोब्लमेरचे तत्त्व त्यांना लागू नाही, फ्लेमिंगचेही नाही. दोन पगारांच्या खाली ही तिसरी पायरी तयार झाली आहे, आणि आपल्या जिल्ह्यातली पोरे बहुतेक त्याच पायरीवर उभी राहतात.

मी त्यांना जाऊ नका असे सांगणार नाही. रोख पगाराने माणूस पाटलाच्या दारातून मोकळा होतो, हे नगरच्या महारवाड्यांनी पाहिले आहे. मात्र सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. मी संस्थेचा कर्मचारी आहे की नाही? माझा पगार कोणत्या मापाने ठरला? दूरचा पैसा आटला तर मला किती दिवसांची सूचना मिळेल? आणि भांडण झाले तर दाद कोणाकडे मागायची? चारही उत्तरे लेखी घ्यावीत.

तो मुलगा आता एका सहकारी दूध संस्थेत लागला आहे. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. पण परवा तो कचेरीत आला तो वर्गणी भरायला. पावती घेताना म्हणाला, "काका, इथे निदान भांडता येते." दोनशे वर्षांच्या हिशेबातली ही शेवटची नोंद म्हणून मी तुमच्यापुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.