दोन बिऱ्हाडांचे घर आणि एक कागद

आपल्याकडे घराचा प्रश्न निघाला, की सुधारकी वळणाची माणसे एक ठराविक उपदेश करतात : जात ही मनातली गोष्ट आहे, मने बदलली की घरेही मिळतील. नोकरीच्या गावी खोली शोधताना मला आडनाव विचारले गेले आणि खोली 'कालच दिली' असे सांगण्यात आले, तेव्हा मलाही तो त्या घरमालकाच्या मनाचाच प्रश्न वाटला होता. पुढे अमेरिकेतील काळ्यांच्या घरांचा इतिहास वाचला आणि माझी चूक उमगली. दारावरची विषमता मनात जन्मत असेल; पण ती पोसली जाते कागदावर. हे ज्या घराने मला शिकवले त्याची हकिगत येथे मांडतो.

मिसुरी राज्यातील सेंट लुईस शहरात लॅबडी ॲव्हेन्यूवर ते दोन बिऱ्हाडांचे घर आहे. शहरात राबणाऱ्या कुटुंबाला असे घर का हवे असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. एका बिऱ्हाडात आपण राहावे, दुसऱ्याचे भाडे हप्त्याला लावावे, मागे परस असेल तर पोरांना खेळायला जागा आणि घरच्या चार भाज्या. मिसिसिपीतून आलेले जे. डी. शेली आणि त्यांची पत्नी एथेल या काळ्या जोडप्याने ऑगस्ट १९४५ मध्ये हे घर रीतसर खरेदीखत करून घेतले. पदरी सहा मुले होती.

ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर दावा लागला. १९११ साली त्या भागातील ३९ पैकी ३० मालकांनी करार केला होता, की पन्नास वर्षे येथे निग्रो अथवा मंगोल वंशाच्या माणसाला राहू द्यायचे नाही. शेलींना खरेदीच्या वेळी या कराराची माहितीही नव्हती. वास्तविक याच भागातील एका घरात १८८२ पासून काळी माणसे राहत होती. म्हणजे काळा शेजार तेथे नवा नव्हता. नवा होता तो कागद.

१९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहरांना कायदा करून वंशवार वस्त्या पाडण्यास मनाई केली. मग जे सरकारला करता येईना ते मालकांनी आपसात करायचे ठरवले आणि अशा करारांचे पेव फुटले. १९३४ साली घरकर्जाला हमी देणारे सरकारी खाते निघाले, तेही असे करार असलेल्या वस्त्यांना पसंती देऊ लागले. खाजगी द्वेषाच्या पाठीशी सरकारी तिजोरी उभी राहिली ती अशी.

शेलींचा खटला स्थानिक न्यायालयात जिंकला गेला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात डिसेंबर १९४६ मध्ये हरला. त्याच वर्षी बाबासाहेब ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवत होते. दोन्ही लढ्यांचे नाते त्यांनी ओळखले होते. शेलींचे वकील जॉर्ज वॉन हे एका गुलामाचे पुत्र. ३ मे १९४८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मालकांनी आपसात केलेला करार स्वतः बेकायदा नाही; पण न्यायालयाने तो अमलात आणला तर ती राज्यसत्तेचीच कृती होते, आणि घटनेची चौदावी दुरुस्ती तिला मनाई करते. तीन न्यायाधीश या खटल्याला बसलेच नाहीत. उरलेल्या सहांचे एकमत झाले.

या विजयाने हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. दार उघडले, बँक उघडली नाही. शिकागोच्या नॉर्थ लॉनडेल वस्तीत काळ्यांना घरकर्ज मिळत नसे. दलाल घाबरलेल्या गोऱ्यांकडून घरे स्वस्तात घेत आणि काळ्यांना हप्त्याच्या करारावर विकत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाची; हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेला पैसाही गेला. क्लाइड रॉस यांनी १९६१ साली २७,५०० डॉलरला घेतलेले घर विकणाऱ्याने सहाच महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतले होते. सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणाऱ्या आपल्या बापजाद्यांना हे गणित परके वाटले नसते. १९६८ साली या खरेदीदारांनी संघटना बांधली; शेकडो कुटुंबांनी हप्ते रोखले. न्यायालयात ते हरले, पण लढ्यामुळे कित्येकांना करार बदलून मिळाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घराच्या व्यवहारातील वंशभेदाविरुद्ध कायदा झाला.

आणि आपण? आपल्या घटनेने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला घर घेण्यास वा राहण्यास अडवणे गुन्हा ठरले. पण 'कालच दिली' या दोन शब्दांतून तो सिद्ध कसा करायचा? उलट २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध मानला. तेथे प्रश्न दलितांचा नव्हता. पण तत्त्व एकदा मान्य झाले, की त्याच तत्त्वाने कोणीही आपल्या दाराला कडी लावू शकतो. सेंट लुईसच्या ज्या कागदाला १९४८ साली न्यायालयाने बळ देण्याचे नाकारले, तसल्या कागदाला आपल्याकडे बळ मिळाले.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांना आणि विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. तोंडी नकाराला साक्षीदार नसतो. कागदाला मात्र पकडता येते. मोर्चे काढाच; पण संस्थेचे उपविधी, खरेदीखत, कर्जाचा करारनामा हेही वाचायला शिका आणि वस्तीत वाचून दाखवा. माझ्या वडिलांना ते वाचता येत नव्हते. मला येतात, आणि म्हणूनच ही जबाबदारी मला टाळता येणार नाही.