टपालातून आलेलं औषध

काचेची बरणी म्हटली की आपल्याला लोणचं आठवतं. अमेरिकेत १९४८ च्या सुमारास दोन शास्त्रज्ञ बायका अशाच बरण्यांतून मातीतले सूक्ष्मजीव एकमेकींना पाठवत होत्या, तेही साध्या टपालाने!

पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर जीवाणूंची खोड मोडली, पण नवीच अडचण उभी राहिली. आपल्या शरीरात जीवाणू आणि बुरशी एकमेकांना आवरून धरतात. औषधाने जीवाणू मेले की बुरशीला रान मोकळं. ती तोंडात, आतड्यात माजायची आणि माणसाला सोसेल असा चांगला उपाय हाताशी नव्हता.

एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरीला. हेझनबाई न्यूयॉर्क शहरात, ब्राउनबाई दूर ऑल्बनीला. हेझनबाई ठिकठिकाणची माती मिळवून त्यातले सूक्ष्मजीव वाढवायच्या. बुरशीला मारणारा एखादा सापडला की बरणी ऑल्बनीला. ब्राउनबाई रसायनशास्त्रातल्या. त्या त्यातला गुणकारी अंश वेगळा काढून परत धाडायच्या. मग पुन्हा बुरशीवर चाचणी, नंतर प्राण्यांवर. बहुतेक वेळा बुरशी मरायची आणि प्राणीही. की पुन्हा नवी माती!

शेवटी व्हर्जिनियात हेझनबाईंच्या स्नेह्यांच्या शेतावरच्या मातीत हवा तो जीव सापडला. १९५० मध्ये शोध जाहीर झाला तेव्हा बाई पासष्टीच्या होत्या. (आमच्या पेन्शनर कट्ट्याने नोंद घ्यावी.) न्यूयॉर्क स्टेटवरून औषधाचं नाव ठेवलं नायस्टॅटिन. पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांनी याच जातकुळीचं हॅमायसिन शोधलं. त्याच्या नावातला 'हॅ' त्या कारखान्याच्या आद्याक्षरांचा, आणि ज्या जीवापासून ते मिळालं त्याच्या नावात तर चक्क पिंपरी आहे!

नायस्टॅटिन १९५४ मध्ये बाजारात आलं. त्याच्या हक्कापोटी पुढे एक कोटी तीस लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. दोघींनी त्यातला एक डॉलरही घरी नेला नाही. सगळं संशोधनाला आणि शिकणाऱ्यांना दिलं.

मला यात ब्राउनबाईंचं जास्त कौतुक वाटतं. वडील घर सोडून गेलेले, आई कचेरीत काम करून संसार चालवणारी. आजीच्या एका सधन मैत्रिणीने मुलीची हुशारी पाहून कॉलेजची फी भरली. शिकागोला प्रबंध लिहून झाला, पण पदवी लांबत गेली आणि पैसे संपले. बाई नोकरीला लागल्या. पदवी मिळाली ती सात वर्षांनी, १९३३ साली. माझ्या वर्गातल्या हुशार मुली फीपायी अकरावीनंतर घरी बसलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून ही आजीची मैत्रीण मला फार मोठी वाटते. ब्राउनबाईंनी पुढे तिचे पैसेही फेडले.

हे औषध आणखी एके ठिकाणी कामी आलं. १९६६ मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्सला महापूर आला आणि जुन्या चित्रांवर बुरशी चढली. ती काढायलाही नायस्टॅटिनच वापरलं.