‘कारण’ या रकान्यातील गांजा

गांजाने माणूस वेडा होतो, या समजुतीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी आकड्यांचा आधार होता. १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण म्हणून गांजा, भांग वा चरस यांची नोंद झाली होती.

१८९३ मध्ये हा विषय ब्रिटिश संसदेत निघाला आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांचा आयोग नेमला गेला. त्याने ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या. त्याहून मोलाचे काम म्हणजे इस्पितळांच्या नोंदींची फेरतपासणी. रुग्णाबरोबर येणारी माहिती बहुधा पोलीस व दंडाधिकारी यांच्याकडून येई. ‘कारण’ या रकान्यात काही तरी लिहावेच लागे, आणि गांजा हे सर्वांत सोयीचे उत्तर होते. आयोगाने रुग्णांच्या गावी, आप्तांकडे चौकशी करविली. २२२ पैकी ९८ प्रकरणांतच अमली पदार्थाचा संबंध मानण्यास आधार उरला.

संपूर्ण बंदी नको, नियंत्रण व कर असावा, हा आयोगाचा निष्कर्ष सरकारच्या अबकारी उत्पन्नाला सोयीचा होता, हे विसरता येत नाही. तरीही नोंद म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, हे त्याने दाखवून दिले. मात्र इस्पितळापर्यंत जे पोहोचलेच नाहीत, त्यांची गणना या पद्धतीत शक्य नव्हती.

त्यासाठी घरोघर जावे लागते. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखती झाल्या. तंबाखूचे व्यसन वगळता १०.६ टक्के प्रौढांत मानसिक विकार आढळले. मद्यविकार असलेल्यांपैकी ८६.३ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. म्हणजे कोणत्याही इस्पितळाच्या वहीत ते सापडले नसते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

रकाना भरणारा पोलीस गेला आणि प्रश्न विचारणारा मुलाखतकार आला. पण घरच्यांच्या कानावर जाईल अशा जागी, अनोळखी माणसापुढे, आपल्या दारूविषयी वा उदासीविषयी कोण किती बोलेल? प्रश्न कोणत्या भाषेत, कोणत्या शब्दांत विचारला, यावरही उत्तर अवलंबून असते. म्हणूनच हे अहवाल केवळ वैद्यकाच्या अभ्यासकांवर सोडून चालणार नाही, असे आम्हांस वाटते. साक्षीतील शब्द कोणाचा आणि तो लिहिला कोणी, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही.